ड्रायव्हरची झोप आपल्या बांधावर ठरते

दसरा-दिवाळीच्या सुमारास अकोले तालुक्याच्या आढळा खोऱ्यात टोमॅटोचा तोडा ऐन भरात असतो. संध्याकाळी कोणत्याही फाट्यावर उभे राहिले तर पिकअप, टेम्पो आणि मोठ्या ट्रकची रांग दिसते. नारायणगावला काय भाव निघाला, पिंपळगावला काय निघाला, दिल्ली काय म्हणते, याच गोष्टी चाललेल्या असतात. रोपे, औषधे, तार-बांबू, मजुरी, क्रेट, हमाली, आडत आणि गाडीभाडे या सगळ्याचा हिशेब तोंडपाठ असतो. एक माणूस मात्र या हिशेबात कधी येत नाही. तो गाडीच्या चाकाजवळ उकिडवा बसून गाडी भरून होण्याची वाट बघत असतो.

आज त्या माणसाविषयी लिहायचे आहे. टोमॅटोवरच्या करप्याविषयी लिहिणारा माणूस ट्रक ड्रायव्हरकडे कसा वळला, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. गेल्या हंगामात अशा एका ड्रायव्हरची एका रात्रीची झोप माझ्यामुळे गेली, आणि ती जवळजवळ त्याच्या जिवावर बेतली होती.

केबिन हेच घर

हा गडी मुळा खोऱ्यातल्या एका वाडीचा, वय चाळिशीच्या आतबाहेर. "नाव छापू नका साहेब, उगाच पाव्हणेरावळ्यांत चर्चा," असे तो म्हणाला, म्हणून नाव देत नाही. घरची दीड एकर जमीन, तीही पावसावर अवलंबून. सुरुवातीला कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवला, मग दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. काही वर्षांपूर्वी हप्त्यावर जुनी सहा चाकी गाडी घेतली. तेव्हापासून मालक तोच, ड्रायव्हर तोच आणि क्लीनरही तोच. क्लीनरचा पगार आणि दोन वेळचे जेवण आता भाड्यात बसत नाही, असे तो सांगतो.

वर्षातले वीस-पंचवीस दिवस तो गावात असतो, बाकी सगळे दिवस रस्त्यावर. पावसाळा सरता सरता टोमॅटो, मग द्राक्षे, उन्हाळ्यात कांदा. जाताना आपला शेतमाल आणि येताना जे भाडे मिळेल ते. आग्र्याचा बटाटा, दिल्लीच्या आझादपूर मंडीतले सफरचंद, कधी मोरबीच्या फरश्या. परतीचे भाडे मिळाले नाही तर दोन-दोन दिवस हुंडेकऱ्याच्या दारात मुक्काम.

मी त्याची केबिन आतून बघितली. सीटच्या मागे माणूस आडवा होईल एवढी फळी, तिच्यावर घोंगडी आणि उशी. पायाशी छोटी गॅसची टाकी, दोन पातेली, तवा, बाजरीच्या पिठाची पिशवी, बरणीत ठेचा. आरशाला टांगलेली तुळशीची माळ, समोर अगस्ती ऋषींचा फोटो. धुतलेला सदरा ताडपत्रीच्या दोरीवर वाळत घातलेला. "हे मपलं घर," तो म्हणाला. "याला दार दोन हायेत, पण उंबरा नाही."

त्याचे लग्न झालेले नाही. स्थळे आली. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, मुलगा घरी किती दिवस असतो? खोटे सांगवत नाही आणि खरे सांगितले की बोलणे तिथेच थांबते. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, ही गोष्ट आपल्या गावागावांत झाली आहे. शेतीला जोड म्हणून स्टिअरिंग धरलेल्यांची गोष्ट त्याहून अवघड आहे. वडील वारले. आई बहिणीकडे असते. जमीन भाऊबंद वाट्याने करतात.

रस्त्यावर एकटे असणे म्हणजे नुसते करमत नाही एवढेच नसते. ताडपत्री एकट्याने ओढायची, रस्सी एकट्याने आवळायची, पंक्चर झाले तर स्टेपनी एकट्याने उतरवायची. आणि झोपायचे तेही एक कान उघडा ठेवून, कारण रात्रीत टाकीतले डिझेल जाते, कधी क्रेटही जातात. म्हणून तो सहसा पेट्रोल पंपावर किंवा ओळखीच्या ढाब्यावरच गाडी लावतो. तशी जागा मिळेपर्यंत, डोळे कितीही जड झाले तरी, चालवत राहतो.

त्या सोमवारी काय झाले

चार शेतकऱ्यांनी मिळून दिल्लीच्या आडतीवर माल पाठवायचे ठरवले होते. पंचवीस किलोचे चारशे क्रेट, म्हणजे दहा टन माल. प्रत्येकाच्या क्रेटवर आपापली खूण. गाडी याचीच ठरली. सकाळी लवकर तोडा सुरू करायचा, दुपारी दोनला गाडी हलवायची आणि बुधवारी पहाटे चारच्या सुमाराला आझादपूरच्या बाजारात माल उभा करायचा, असे बोलणे झाले.

त्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता मी त्या शिवारात शेतीशाळा ठेवली होती. विषय होता टोमॅटोची काढणी आणि हाताळणी. पाहुणे यायला उशीर झाला. मग नारळ, शाल, सत्कार आणि दोन जणांचे मनोगत. तोड्याला आलेल्या बायकाही मांडवात बसवल्या होत्या, कारण हजेरी दिसली पाहिजे. माझे बोलणे संपेपर्यंत एक वाजून गेला. तोडा त्यानंतर सुरू झाला. प्रतवारी अंधारात, मोबाईलच्या उजेडात झाली. शेवटचा क्रेट चढला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

आता हिशेब बघा. अकोल्याहून संगमनेर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे करून बिजासन घाटाने सेंधवा, मग इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. भरलेल्या गाडीला टोलनाके, घाट आणि गावे धरून ताशी सरासरी ४५ किलोमीटर पडले, तर नुसते चाक फिरायला २९ तास लागतात. दुपारी दोनला गाडी निघाली असती तर हातात ३८ तास होते. म्हणजे जेवण, आंघोळ, टायर बघणे आणि झोप यांना मिळून नऊ तास. रात्री दहाला निघाल्यावर हातात राहिले ३० तास. नऊ तासांची सवड एका तासावर आली.

त्या गाडीतल्या टोमॅटोला नीट तोडला असता तर चार दिवस काढण्याची ताकद होती. तो वाहून नेणाऱ्या माणसाला मात्र आपण दोन रात्री मिळून एक तास दिला.

पारावरचा हिशेब

दहा-बारा दिवसांनी तो आग्र्याचा बटाटा वाशीला उतरवून गावाकडे आला. भाडे निम्मे आगाऊ दिलेले होते, निम्मे बाकी होते. चौघे शेतकरी पारावर बसले होते. मलाही बोलावणे आले, कारण वाद पडला होता. गाडी बुधवारी पहाटे पोहोचली नव्हती, दुपारी पोहोचली. सकाळचा बाजार हुकला आणि माल गुरुवारी विकला गेला. एकाच्या मालाला पाणी सुटले, त्याची पट्टी फार कमी आली. त्याचे म्हणणे, उशीर ड्रायव्हरने केला, तेव्हा भाड्यातून पैसे कापा.

ड्रायव्हरला विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले. सोमवारची रात्र सरळ चालवली. मंगळवारी दिवसभर चालवली, मध्ये एका ढाब्यावर अर्धा तास पाठ टेकली. रात्री एकच्या सुमाराला चंबळचा पूल ओलांडला आणि धोलपूरच्या अलीकडे पुढच्या ट्रकचे लाल दिवे त्याला दिसत होते. "दिवे दिसत होते साहेब, पण ते जवळ येतायत हे कळत नव्हतं. डोळे उघडे होते, मी नव्हतो." गाडीचे उजवे चाक दुभाजकाला घासले, त्या आवाजाने तो जागा झाला. पुढच्या पंपावर गाडी लावली आणि साडेचार तास झोपला. "तिथं थांबलो म्हणून इथं बसलोय. कापायचे तर कापा."

पारावर कोणी बोलेना. मग मला बोलणे भाग होते. मी म्हणालो, उशीर धोलपूरला झाला नाही. उशीर इथे, मांडवात झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. यावर ड्रायव्हरच म्हणाला, "तुमचं काय चुकलं? तुम्ही चांगलंच सांगत होता. मी मागं उभा राहून ऐकलं की. क्रेट दाबून भरू नका, फळाला दम खाऊ द्या, म्हणाला होता तुम्ही."

मी कृषी पदविका केली तेव्हा काढणीपश्चात हाताळणी हा भाग अभ्यासाला होता. क्रेट होता, तापमान होते, वाहतुकीतले नुकसान होते. ट्रकही होता. त्यात ड्रायव्हर नव्हता. पुढे इतकी वर्षे शेतकऱ्यांना शिकवताना मीही त्याला कधी त्यात घेतले नाही.

मग चौघांमधले सर्वांत वयस्कर आण्णा यांनी चारही पट्ट्या एकापुढे एक मांडल्या. दोघांचा माल रंग फुटता फुटता तोडलेला होता. एक दिवस उशिरा विकूनही त्यांना चांगला भाव पडला. तिसऱ्याचा थोडा कमी. चौथ्याने भाव वाढेल म्हणून तोडा दोन दिवस लांबवला होता, फळ झाडावरच लाल झाले होते. त्यालाच पाणी सुटले. गाडी एकच, रस्ता एकच, उशीरही एकच. फरक तोड्यात होता. आण्णा एवढेच म्हणाले, "याला थांबायला जागा आपल्या मालानं ठेवली पाहिजे." भाडे पूर्ण दिले गेले.

कायद्यात काय होते

एकट्याने इतके चालवावे असे आपल्या कायद्यालाही कधी मान्य नव्हते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा तास. सलग पाच तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायासाठी होता. एक गाडी आणि एकच माणूस असलेला आपला गडी त्यात बसतच नव्हता. कायदा ज्याला सर्वांत जास्त हवा, तोच बाहेर.

दुसरी गोष्ट. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन चालक असावेत, आणि दुसऱ्या चालकाला आडवे होऊन झोपता येईल अशी सीट मागे असावी, असे लिहिले होते. २०१८ मध्ये दोन चालकांची ही अट काढून टाकण्यात आली. झोपायची फळी राहिली, पण तिच्यावर कोणी झोपलेले असताना गाडी चालवणारा दुसरा माणूस गेला. १,३०० किलोमीटरचे ३८ तासांचे वेळापत्रक खरे तर दोन ड्रायव्हरांचे आहे. आपण ते एकाकडून करून घेतो.

युरोपीय संघाच्या देशांत ट्रकचालकाने दिवसाला साधारण नऊ तासच चालवायचे, साडेचार तास झाले की पाऊण तास थांबायचे असा नियम आहे, आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. तिकडची भाजीही नाशवंतच असते.

आपल्याकडे काही सुधारणा झाल्या, त्या सांगितल्या पाहिजेत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जकात नाक्यांवरच्या रांगा संपल्या. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. पण जुन्या गाड्यांना ते लागू नाही, आणि आपल्या शिवारात येणाऱ्या बहुतेक गाड्या जुन्याच असतात.

जानेवारी २०२४ मधला चालकांचा संप वाचकांना आठवत असेल. पंपांवर रांगा लागल्या, बाजार समित्यांत माल अडकला. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर खबर न देता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, त्याविरुद्ध तो संप होता. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम १०६(२) लागू करणे सरकारने बाजूला ठेवले. त्या दोन दिवसांत गावोगाव लोक म्हणाले, ड्रायव्हर थांबला की सगळे थांबते. तिसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि आपण विसरलो.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. त्यात झोपेने किती गेली, हे नोंदीवरून नीट कळत नाही, कारण झोप लागली होती हे सांगायला बरेचदा माणूस उरत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनी एवढे करावे

दूरच्या बाजाराचा माल आणि ड्रायव्हरची झोप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. माल जेवढा टिकाऊ, तेवढी ड्रायव्हरला थांबायची मोकळीक. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१) दिल्ली-कोलकात्यासारख्या लांबच्या बाजारासाठी फळाच्या बुडाला नुकती गुलाबी छटा येताच तोडा करा. फळाचा दहावा भाग रंगला की तोडणी योग्य. लाल झालेला माल जवळच्या बाजारात द्या.

२) एका क्रेटमध्ये कच्चे आणि पिकलेले फळ एकत्र भरू नका. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो, तो शेजारच्या फळाला लवकर पिकवतो. तडकलेले, अळीने पोखरलेले फळ शेतातच बाजूला काढा.

३) दव वाळल्यावर सकाळी लवकर तोडा सुरू करा. तोडलेला माल उन्हात ठेवू नका, झाडाखाली किंवा शेडनेटखाली ठेवा. ओला माल भरू नका.

४) क्रेट काठोकाठ भरू नका. वरच्या क्रेटचे ओझे फळावर नव्हे, क्रेटच्या काठावर आले पाहिजे. थप्प्यांमध्ये हवा खेळायला जागा ठेवा आणि ताडपत्री चहूबाजूंनी गच्च आवळू नका.

५) गाडी ठरवताना भाड्याबरोबर भरणीची वेळ ठरवा आणि कागदावर लिहा. भरायला उशीर झाला तर पोहोचायची वेळही तेवढीच पुढे जाईल, हे त्याच कागदावर आधीच मान्य करा. चारशे क्रेट एका दिवसात होत नसतील, तर निम्मा तोडा आदल्या संध्याकाळी करून रात्रभर हवेशीर जागी ठेवा.

६) गाडी भरत असताना ड्रायव्हरला क्रेट मोजायला उभे करू नका. त्याला पाणी द्या, भाकरी द्या, ओट्यावर अंग टाकू द्या. मोजायला आपल्या घरात माणसे असतात. रात्रभर जागायचे त्याला असते.

७) दर तासाला "कुठं आलास?" असा फोन करू नका. गाडी चालवणाऱ्याला फोन करणे हाच एक धोका आहे. ठरलेल्या थांब्यावरून त्यानेच फोन करावा.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

पारावरचा हिशेब मिटल्यावर मी या गड्याला सहज विचारले, सातबारा कुणाच्या नावावर आहे? म्हणाला, वडिलांच्या. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. वारस नोंद केलेली नव्हती, कारण तो गावात असायचा तेव्हा कचेरीला सुट्टी असायची आणि कचेरी उघडी असायची तेव्हा तो सेंधव्याच्या पुढे असायचा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी ओळख क्रमांक नाही. पीक पाहणी बांधावर जाऊन मोबाईलवर करावी लागते, तीही त्याच्या नावाने नाही.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात, दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यासही तेवढेच, आणि एक अवयव गेल्यास एक लाख. रस्ते अपघात त्यात येतो. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो आणि त्याला सातबारा, वारसाची सहा-क नोंद, चालकाचा चालू परवाना हे कागद लागतात. त्या रात्री धोलपूरला चाक दुभाजकाला घासून थांबले नसते, तर त्याच्या आईचा प्रस्ताव आमच्याच कचेरीत आला असता. आणि कागद अपुरे म्हणून तो परत करायची पाळी आमच्यावरच आली असती.

तेव्हा तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती आहे. प्रत्येक गावात असे पाच-दहा जण बाहेर गाडीवर असतात. त्यांची यादी करायला एक दुपार पुरते. सणाला, जत्रेला ते गावात येतात. त्या दोन दिवसांत वारस नोंद, शेतकरी ओळख क्रमांक, रेशनचे केवायसी, बँकेतले वारसाचे नाव, परवान्याची मुदत आणि जमले तर डोळे व साखरेची तपासणी, एवढे एका जागी करून दिले तर मोठे काम होईल. पीक पाहणी राहिली असेल तर सहायकामार्फत करून घ्यावी. बाजार समित्यांनीही आवारात ड्रायव्हरसाठी एक खोली, चार खाटा, संडास-मोरी आणि राखणदार एवढी सोय केली, तर माल उतरवल्यावर तो दुसऱ्या भाड्याला निघण्याआधी निर्धास्त झोपेल. डिझेल चोरीला जाणार नाही एवढा भरवसा मिळाला तरी त्याची अर्धी झोप परत मिळते.

या गड्याची वारस नोंद दिवाळीच्या आठवड्यात अर्ज देऊन सुरू झाली. लग्नाचे काय, ते मात्र कोणत्या योजनेत बसत नाही.

त्या चौघांनी नंतर आणखी एक गाडी दिल्लीला पाठवली. तोड्याचा निम्मा भाग आदल्या संध्याकाळी झाला, लाल माल नारायणगावला गेला, आणि दुपारी दीडला गाडी फाट्यावरून हलली. त्या दिवशी मी शिवारात शेतीशाळा ठेवली नव्हती. रात्री अकराच्या सुमाराला मला राहवले नाही. फोन करू नका असे मीच सगळ्यांना सांगत होतो, तरी मी फोन लावला. बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. रात्रभर मनात नाही नाही ते आले.

सकाळी सहाला त्याचाच फोन आला. म्हणालो, काय हो, रात्री फोन उचलला नाही?

"झोपलो होतो साहेब," तो म्हणाला.